पुन्हा दाखवायला या

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी प्रॅक्टिस तेव्हा नवी होती. एक बाई पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन आल्या. दंडाला सूज, पाठीवर दोन-तीन काळेनिळे डाग. "पाळण्यातून पडला, डॉक्टर," सोबतचे गृहस्थ म्हणाले. बाई गप्प होत्या. दंडाचा एक्स-रे चांगला आला. मी औषध दिले, केसपेपरवर 'पडून मार' एवढे दोन शब्द लिहिले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. परत कधी यायचे हे सांगितलेच नाही. महिन्याभराने ते मूल बेशुद्ध अवस्थेत सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांनी माझा कागद मागवला, तेव्हा त्यात त्यांच्या उपयोगाचे काहीच नव्हते. मूल वाचले, पण नजर अधू झाली.

घरातल्याच माणसाकडून लहान मुलांना अशा इजा होतात, हे अमेरिकेतील डॉ. हेन्री केम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आपल्याकडे असे होत नाही, असे म्हणणाऱ्याने आठवडाभर माझ्या दवाखान्यात बसावे.

वाचकहो, अशा वेळी दुसरी तपासणी पहिलीइतकीच महत्त्वाची असते. तान्ह्या मुलाच्या बरगडीला गेलेली बारीक चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. हाड जुळू लागले की तिथे नवे हाड धरते, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी काढलेल्या फोटोत ती दिसते. उलटही घडते. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर, कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर डाग असतात. माराचा वण काही दिवसांत फिका पडतो, जन्मखूण तशीच राहते. बिब्बा उतल्याचे फोडही चटक्यांसारखे दिसू शकतात. रक्त न गोठण्याचा किंवा हाडे ठिसूळ असण्याचा आजार आहे का, हेही पाहावे लागते. म्हणजे दुसऱ्या तपासणीने मूल वाचते, तसा निर्दोष बापही वाचतो. मात्र वणाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

केसपेपरवर डाग कुठे, किती सेंटिमीटरचा, हे आकृती काढून लिहावे. कोण काय म्हणाले, ते त्याच्याच शब्दांत. मूल "काका दुखवतात" म्हणाले, तर तेवढेच लिहायचे. आपला तर्क त्यात मिसळायचा नाही आणि मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारायचेही नाही.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पालकांनी मुलाला आंघोळ न घालता, कपडे न बदलता ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. कपडे बदललेच असतील तर ते न धुता कागदी पिशवीत ठेवावेत. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे फिर्याद नोंदलेली नसली तरी तपासणी होते. मुलीला महिला डॉक्टरच तपासतात आणि मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ थांबू शकते. संशय पोलिसांना कळवणे डॉक्टरांवरच काय, शेजाऱ्यांवरही बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याचे औषध लागले तर ते ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. रक्ताच्या तपासण्या पुढे काही आठवड्यांनी पुन्हा होतात, आणि नेमके तेव्हाच लोक 'झाले गेले' म्हणून येणे सोडतात. अंगावर जखम नाही म्हणजे काही घडलेच नाही, असाही अर्थ होत नाही. झोपेत दचकणे, अंथरूण ओले करणे, शाळेला नकार देणे, असे दिसले तर पुढच्या फेरीत डॉक्टरांना जरूर सांगा. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक फुकट लागतो.

आता माझ्या टेबलावर एक वेगळी वही असते. तिच्यात फक्त पुन्हा बोलावलेल्या मुलांच्या तारखा. दिलेल्या दिवशी मूल आले नाही तर संध्याकाळी मी फोन करतो. फोन लागला नाही तर आमच्या नर्सबाई घरी जाऊन येतात. त्या परतल्या की, मूल दिसले की नाही, हे मी त्याच ओळीत लिहितो.