घेणारी आणि देणारी



मागच्या पावसाळ्यात आपल्या पाटण तालुक्यातल्या एका ताईंनी मुलीच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवलं. त्याच वेळी त्यांच्या बचत गटाच्या खात्यात पैसे पडून होते. बैठकीला त्या पूर्ण वेळ बसल्या, पण बोलल्या नाहीत. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "चारचौघींत हात कसा पसरायचा, ताई?"

तेव्हा मला कॉलेजात वाचलेला चार्ल्स लँब आठवला. लंडनचा हा लेखक १७७५ साली जन्मला. ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत ३३ वर्षं त्यानं हिशेबाच्या वह्या लिहिल्या. याच कंपनीनं पुढं १८४८ मध्ये आपलं सातारचं राज्य खालसा केलं. घरी थोरली बहीण मेरी मनाच्या आजारानं त्रासलेली. तिला त्यानं शेवटपर्यंत सांभाळलं, स्वतः लग्न केलं नाही. एवढं सोसून 'ईलिया' या टोपणनावानं त्यानं जे निबंध लिहिले, ते मात्र हसतमुख. साधा विषय आणि गप्पांचा सूर. ना. सी. फडके आणि शेजारच्या सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर यांचे लघुनिबंध वाचले, की हाच सूर मराठीत ऐकू येतो.

१८२० मधल्या एका निबंधात लँब म्हणतो, माणसांच्या जाती दोनच. उसनं घेणारे आणि उसनं देणारे. गंमत म्हणजे त्याच्या मते थोर जात घेणाऱ्यांची! त्यांचा चेहरा मोकळा, मन निर्धास्त. देणारा बिचारा सुकलेला आणि संशयी. ही थट्टाच आहे, पण ऐकताना मागणाऱ्याची खाली गेलेली मान जरा वर येते.

पुढं तो पुस्तकं उसनी नेणाऱ्यांकडे वळतो. कपाटातल्या रिकाम्या जागा दाखवून कुरकुरतो. पण त्याचा मित्र कवी कोलरिज याला पुस्तक खुशाल द्यावं, असं सांगतो. कारण तो परत करताना पानांच्या कडेला आपली टिपणं लिहून देतो. गेलेलं पुस्तक जास्त मोलाचं होऊन घरी येतं.

मैत्रिणींनो, लँबला दोन जाती दिसल्या. बचत गटात मात्र घेणारी आणि देणारी बाई एकच असते. त्या पैशात तुमची दर महिन्याची बचत आहे. म्हणून तर गटाच्या पंचसूत्रीत बचतीइतकंच अंतर्गत कर्जाला स्थान आहे. हजार रुपये घेतले आणि व्याज महिना शेकडा दोन असेल, तर पहिल्या महिन्याचे वीस रुपये गटातच राहतात. कोलरिजच्या टिपणांसारखी ती आपली भर. सावकाराला दिलेलं व्याज असं परत फिरत नाही. हप्ता मात्र वेळेवर हवा, नाहीतर पुढच्या बहिणीची जागा रिकामी राहते.

त्या ताईंनी दिवाळीनंतर गटाचं कर्ज घेऊन मंगळसूत्र सोडवलं. बैठकीत आपला अर्ज त्यांनी स्वतः वाचला. आवाज जरा कापत होता, पण वाचला. तुमच्याही घरी गरज असेल तर येत्या बैठकीत गप्प बसू नका.