मेंदूत साचलेलं प्रथिन दिसतं कसं?

भारतातल्या आईने फोनवर एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली, की इथे आपल्या पोटात गोळा येतो. हा वयाचा विसराळूपणा, की अल्झायमर्स?

अल्झायमर्समध्ये मेंदूत अमायलॉइड आणि टाऊ ही प्रथिनं साचतात. पूर्वी याची खात्री बहुधा मृत्यूनंतर, मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच व्हायची. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी यावर वाट काढली. प्रयोगशाळेत अमायलॉइड रंगवायला थायोफ्लेविन-टी वापरतात. त्यात फेरफार करून त्यांनी रक्तातून मेंदूत शिरू शकेल असा रेणू बनवला आणि त्यात किरणोत्सारी कार्बन-११ बसवला. हा रेणू अमायलॉइडला चिकटतो, आणि तिथून येणारे किरण पेट स्कॅनर टिपतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात पहिल्या रुग्णाचा असा स्कॅन झाला.

कार्बन-११ दर २० मिनिटांनी निम्मा होतो, म्हणून तो बनवणारा सायक्लोट्रॉन जवळच लागतो. फ्लोरिन-१८ निम्मा व्हायला ११० मिनिटं लागतात. त्यामुळे तो दूरच्या रुग्णालयांतही पोहोचतो. फ्लोरिन-१८ असलेल्या फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, आणि टाऊ दाखवणाऱ्या फ्लोरटाउसिपिरला २०२० मध्ये.

पण स्कॅन ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे डिमेन्शिया नव्हे. अमायलॉइड लक्षणांच्या १५-२० वर्षं आधीपासून साचू लागतं, आणि ते असूनही काहींची स्मृती शेवटपर्यंत शाबूत राहते. टाऊचा पसारा लक्षणांशी जास्त जुळतो.

म्हणून सुट्टीत घरी गेलात, की स्कॅनची घाई करू नका. आधी आईला डॉक्टरांकडे न्या. थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि त्यांवर उपचार आहेत.