पाचपर्यंत पडदा पडू द्यायचा नाही

आमच्या घरात पांघरुणं एकवीस आणि मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेला, पाहुणे पन्नासच्या वर. झाडीपट्टीतलं नाटक रात्रभर का चालतं, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. कोणी दंडारीच्या परंपरेकडे बोट दाखवतं, कोणी जागराकडे, कोणी जुन्या संगीत नाटकाकडे. सगळं खरंच असेल. पण मी तीसेक वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग केलं आणि नंतर मंडईच्या समितीत राबलो. मला विचाराल तर कारण साधं आहे. एवढ्या पाहुण्यांना निजवायला जागा नसते, आणि मध्यरात्री त्यांना गावी पोचवेल अशी गाडीही नसते. मग त्यांना जागं ठेवणं हाच पाहुणचार. नाटक पाच वाजता संपलं पाहिजे, चहा तयार असला पाहिजे आणि पहिली एस.टी. धरून पाहुणा हसत गेला पाहिजे.

झाडी म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा मुलूख. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग. बांध्या, तलाव आणि मध्ये मध्ये गावं. आमच्या बोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ टिकत नाहीत. पाण्याचं पानी होतं आणि डोळ्याचा डोरा. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास मांडला, तेव्हा कुठे आमच्यासारख्या मास्तरांना तिची लाज वाटेनाशी झाली. त्याआधी मी स्वतः वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या पोरांना उभं करत असे, आणि रात्री तालमीत त्यांच्याच बापांकडून ‘पाणी’ घोकून घेत असे.

दिवाळीच्या पाडव्याला गायगोधन होतं, गोवाऱ्यांची ढाल निघते आणि भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. आज या गावाची, उद्या त्या गावाची. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान बांधीत उभा असतो. त्यामुळे हाताशी थोडा पैसा आणि थोडी उसंत दोन्ही असतात. दिवसा बाजार भरतो. बांगड्या, खेळणी, जिलबी, आणि ढिवरांनी तलावातून काढलेले उकडलेले शिंगाडे. कुठे दंडार नाचते, कुठे खडी गंमत उभी राहते. याच दिवशी उपवर मुलीही ‘सहज’ पाहिल्या जातात. मुलाकडचे मंडई पाहायला आले, असं सांगायचं असतं आणि सगळ्यांनी ते खरं मानायचं असतं. रात्री नाटक.

या सगळ्यात सर्वांत अवघड काम कोणतं, असं नवी पोरं विचारतात. त्यांना वाटतं नट, स्टेज, जनरेटर. मी सांगतो, तारीख. मंडईची तारीख सोयऱ्यांच्या गावांशी भिडता कामा नये. एक साल आमची आणि चूलबंद नदीपलीकडच्या गावाची मंडई एकाच दिवशी आली. दोन्ही गावांनी वडशाला जाऊन नाटकाचा बयाना दिलेला. आमच्या निम्म्या सुना त्या गावच्या लेकी, त्यांच्या सुना आमच्या लेकी. तीन बैठका झाल्या, दोन्ही सरपंच हटायला तयार नाहीत. मग एका सकाळी दोन्ही गावांच्या बायकांनी निरोप धाडले, की तारीख बदलली नाही तर मंडईच्या दिवशी आम्ही माहेरी जातो, पाहुण्यांना तुम्हीच रांधून वाढा. चौथी बैठक अर्ध्या तासात संपली. त्यांनी बाजार आणि दंडार त्याच दिवशी ठेवली आणि नाटक दोन दिवस पुढे नेलं. संध्याकाळी त्यांचे पाहुणे नदी उतरून आमच्याकडे आले. त्या रात्री पांघरुणांचा प्रश्नच नव्हता, कारण पाठ टेकायला जमीनच उरली नव्हती.

वडसा, म्हणजे देसाईगंज, ही या नाटकांची पेठ. हंगाम जवळ आला की तिथे नाट्यमंडळांची कार्यालयं उघडतात, दारावर नटनट्यांचे फोटो लागतात आणि खेडोपाडीच्या समित्या खांद्याला पिशव्या लावून दुकानामागून दुकान फिरतात. नाटक कोणतं, हा प्रश्न तिथे शेवटी येतो. आधी विचारतात कॉमेडीला कोण, ऑर्गनवर कोण, लावणीला कोण. माझा प्रश्न मात्र ठरलेला असे, “खेळ कितीपर्यंत जाते जी?” मुरलेला व्यवस्थापक नुसता हसतो आणि म्हणतो, “तुमी सांगान तितीपर्यंत.” जो घड्याळ पाहून उत्तर देतो त्याच्याशी मी कधी व्यवहार केला नाही.

पूर्वी हे दुकानांचं प्रकरण नव्हतं. गावचीच पोरं नटायची. गणपती उठले की शाळेच्या खोलीत तालीम बसायची, आणि बायकांच्या भूमिकांसाठी तेवढ्या नट्या नागपूरहून बोलवायच्या. त्या नाटकाच्या दिवशीच यायच्या. आमच्याबरोबर त्यांची एकही तालीम झालेली नसायची. अशा नाटकात प्रॉम्प्टर म्हणजे धनी. मी अंक वाचायचो, नट माझ्यामागून बोलायचे. मागच्या रांगेतल्यांना माझा आवाज आधी ऐकू येतो आणि नटाचा नंतर, अशी तक्रार होती. ती खोटी नव्हती.

त्या काळी नट्या नागपूरहून छोट्या गाडीने नागभीडला उतरत आणि तिथून दुसऱ्या छोट्या गाडीने वडशाला. २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झालेली नागपूर–नागभीड नॅरोगेज ती हीच. एका साली त्या गाडीचं इंजिन वाटेत बसलं. रात्रीचे दहा झाले, मंडप भरला, लोक तनशीवर पोती आणि चटया टाकून बसले, आणि नायिकेचा पत्ता नाही. नांदी झाली, मग गणपतीचं स्तवन दोनदा झालं. दुसऱ्यांदा गणपतीही कंटाळलेला दिसला. शेवटी पडदा उघडावाच लागला.

पहिल्या अंकात नायिकेशिवाय पानच हलत नव्हतं. नायक होता पोस्टमन, खलनायक होता गावचा कोतवाल. दिवसभर दवंडी देऊन त्याचा आवाज बसलेला, त्यामुळे खलनायक म्हणून तो शोभत होता. त्या दोघांनी वीस मिनिटं ‘ती’ आत्ताच कशी बाहेर गेली, याच विषयावर काढली. मग माझ्याकडचे शब्द संपले. माझ्या पेटीत मागच्या सालच्या नाटकाची वही पडून होती. मी ती काढली आणि त्यातला सावकाराचा विनोदी प्रवेश सरळ वाचायला सुरुवात केली. नट बिचारे माझ्या आवाजामागून चालणारे. त्यांनी तो प्रवेश केलाही. एक सावकार नव्याने उपटला, त्याने कर्ज मागितलं, धोतर सोडलं, लोक पोट धरून हसले. फक्त पुढल्या रांगेतल्या एका म्हातारीने मोठ्याने विचारलं, “अवो गुर्जी, हा सावकार मांगच्या साली मेला होता ना?”

विंगेत बसून उत्तर देता येत नाही. कोतवालाने दिलं. म्हणाला, “आजी, त्याचा मोठा भाऊ हाय हा.” त्याच्या उभ्या नाट्यजीवनातलं, प्रॉम्प्टरशिवाय बोललेलं हे एकमेव वाक्य.

बाई एकच्या सुमाराला बैलगाडीने आल्या. चेहऱ्यावर इंजिनाचा धूर, केसांत धूळ. साडी नेसता नेसता त्यांनी पडद्याआडून विचारलं, “मास्तर, मी कोण?”

“याची बहीण आणि त्याची बायको.”

“करायचं काय?”

“रडायचं.”

“कधीपासून?”

“आतापासून.”

पुढे पाच वाजेपर्यंत त्या जे रडल्या, त्याला तोड नाही. बायाबापड्या पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. सकाळी चहा पिताना बाईंनी मला विचारलं, शेवटी नवरा मेला की भाऊ? मी म्हटलं, दोघंही. त्या म्हणाल्या, तरीच.

नंतर गावच्या तालमी बंद पडल्या. एक तर पोरं शिकून बाहेर गेली, आणि वडशाचं नाटक तयार मिळू लागलं. स्टेज, पडदे, दिवे, वादक, नट असं सगळं मेटॅडोरमधून उतरतं आणि पहाटे परत भरलं जातं. या नाटकांत हिंदी गाण्यांवरचे नाच घुसले म्हणून शहाणी माणसं नाकं मुरडतात. मीही मुरडतो, पण अडीचच्या सुमाराला जेव्हा पाचशे माणसं पेंगायला लागतात तेव्हा मीच विंगेत जाऊन म्हणतो, एक डान्स लावा.

वेळ ताणायची खरी किल्ली मात्र विनोदी नटाच्या हाती. पाच मिनिटांचा प्रवेश पाऊण तास करायचा आणि लोकांनी ‘आणखी’ म्हणायचं, ही विद्या शाळेत शिकवत नाहीत. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ८०० भूमिका आणि ५,००० प्रयोग असे आकडे छापून आले. आमच्या चौकातल्या पानठेल्यावर त्या आकड्यांचा हिशेब वेगळा झाला. प्रत्येक प्रयोगात या माणसाने किती लोकांना थंडीतून पहाटेपर्यंत पोचवलं, ते मोजा म्हणे.

असा नट नसला की काय होतं, ते मी एकदा पाहिलं. मंडळाचं नाव सांगत नाही. त्यांच्या विनोदी नटाला ताप भरला होता. त्याचे प्रवेश कापावे लागले, उरलेलं नाटक उतारावरच्या सायकलीसारखं धावलं आणि साडेतीनला पडदा पडला. मंडपात हजारभर माणसं, बाहेर धुकं, तलावावरून येणारा वारा. कोणीही उठलं नाही. टाळ्या वाजवून लोक शांतपणे पुढच्या अंकाची वाट पाहत बसले.

समितीचे अध्यक्ष विंगेत आले. “गुर्जी, आता काय करता जी?” तेवढ्यात माझा मुलगा घरून निरोप घेऊन आला. आई म्हणते इतक्यात सोडू नका, घरात पाय ठेवायला जागा नाई. व्यवस्थापक म्हणाला, करार पूर्ण झाला. कागदावर त्याचं बरोबर होतं. नट्यांनी रंग उतरवला होता आणि त्या मागे भात खात बसल्या होत्या. त्यांना परत उभं करायला माझी जीभ उचलेना.

मंडळाचा ऑर्गनवाला म्हातारा होता. तो काही न बोलता पुन्हा बाजावर जाऊन बसला आणि एक जुनं पद वाजवू लागला. त्याने मिळवून दिलेल्या दहा मिनिटांत आम्ही दंडारवाल्यांना शोधलं. ती मंडळी दिवसभर नाचून शेकोटीच्या कडेने निजली होती. त्यांना उठवलं. कोणाचा फेटा सापडेना, कोणाच्या पायात एकच घुंगरू. ते तसेच कंपनीच्या रंगीत राजवाड्याच्या पडद्यापुढे उभे राहिले आणि नाचू लागले. राजवाड्यात दंडार मी त्याआधी पाहिली नव्हती. अर्ध्या तासाने पाहतो तर कंपनीचे नट रंग पुसलेल्या तोंडाने, ब्लँकेट पांघरून, पुढल्या तनशीवर येऊन बसलेले. त्यातल्या एका तरुण नटाने मला हळूच विचारलं, “हे नाटक कोणाचं हो? आमच्याकडे कसं नाही?”

उजाडलं तरी दंडार चालूच होती. शेवटी आम्हालाच ती थांबवावी लागली, कारण एस.टी. येऊन उभी होती आणि तिचा ड्रायव्हरही आत जाऊन बसला होता.

मंडयांच्या मागोमाग पट येतात. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली आणि शंकरपट थांबले. आमच्या शेजारच्या गावी पटाच्या रात्रीही नाटक असे. ते त्यांनी बंद केलं नाही, आणि जाहिरातीवरचे ‘भव्य शंकरपटानिमित्त’ हे शब्दही काढले नाहीत. बैल नव्हते, निमित्त होतं. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली तोवर तिथले एक-दोन जुने धुरकरी हाकणं विसरले होते म्हणतात. मला ते पटत नाही.

२०१६ च्या नोटाबंदीचा घाव नेमका मंडयांच्या ऐन दिवसांत बसला. तिकीटखिडकीवर जो तो ५०० ची जुनी नोट पुढे करायचा. आम्ही सरळ वही काढली आणि नाव, गाव लिहून उधारीवर नाटक दाखवलं. पुढल्या मंडईला बहुतेकांनी पैसे आणून दिले. ज्यांनी दिले नाहीत त्यांची नावं वहीत आहेत. मला ती पाठ आहेत. आखिर प्रॉम्प्टर आहे मी. २०२० साली मंडईच नव्हती. त्या साली पेटीतून पांघरुणं निघालीच नाहीत, आणि उन्हाळ्यात पाहिलं तर दोन उंदरांनी कुरतडलेली. म्हणून आता एकोणीस.

यंदाच्या मंडईला नाटक पाच वाजून दहा मिनिटांनी संपलं. पाहुणे गेले. सूनबाईने अंगणात पांघरुणं उन्हाला टाकली आणि मोजली. बावीस भरली. तीन कोणाची, ते कळायला आम्हाला आता सगळ्या सोयऱ्यांच्या मंडया फिराव्या लागणार. त्यातलं एक चांगलं जाड आहे, निळ्या काठाचं. त्याचा मालक सापडण्याची मला काही घाई नाही.