सेनापतींची शाळा
(नभोवाणीवरील भाषण)

माझा सारा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासांत गेला. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नाहीं. तेव्हां पदव्युत्तर शिक्षणाविषयीं मीं बोलावें, हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु माणसाचें शिकण्याचें वय कधीं संपतें, हा प्रश्न शिक्षकाची पाठ सोडीत नाहीं. आणि त्याचें एक विलक्षण उत्तर मला लष्करी शिक्षणांत सांपडलें.

माझा एक जुना विद्यार्थी सैन्यांत ब्रिगेडियर झाला. भेटीस आला असतां तो म्हणाला, "गुरुजी, वर्षभर पुन्हां विद्यार्थी होऊन दिल्लीस चाललों आहें." ज्याच्या शब्दावर हजारों जवान चालतात, त्यानें पन्नाशीच्या घरांत पुन्हां बाकावर बसावें, याचें मला मोठें नवल वाटलें.

आपल्या देशांतील या शिक्षणाच्या पायऱ्या अशा आहेत. खडकवासल्याच्या प्रबोधिनींत तरुणाची तीन वर्षें जातात. कांहीं वर्षांच्या नोकरीनंतर निवडक अधिकारी नीलगिरींतील वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजांत जातात. त्यापुढें भूदलासाठीं महू, नौदलासाठीं गोवा व वायुदलासाठीं सिकंदराबाद येथें वरिष्ठ विद्यालयें आहेत. सर्वांत वरची पायरी म्हणजे नवी दिल्लीचें नॅशनल डिफेन्स कॉलेज. १९६० च्या एप्रिल महिन्यांत पंडित जवाहरलाल नेहरूंच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तेथील अभ्यासक्रम ४७ आठवड्यांचा असतो. पुढें मद्रास विद्यापीठाची एम्. फिल्. ही पदवीही त्याशीं जोडली गेली.

तेथें बंदूक कशी चालवावी हें कोणी शिकवीत नाहीं. देशाचा समाज, शेती, उद्योग, अर्थकारण, विज्ञान, शेजारी राष्ट्रें आणि जगाचें राजकारण हे तेथील विषय. व्याख्यानें, लहान गटांतील चर्चा, स्वतः लिहावयाचा प्रबंध आणि देशांतील व परदेशांतील प्रवास ही तेथील पद्धति. शिवाय वर्गांत केवळ सैनिक नसतात. तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांशेजारीं मुलकी व परराष्ट्र खात्यांतील अधिकारी आणि मित्रराष्ट्रांचे पाहुणे बसलेले असतात.

हा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पहिल्या महायुद्धांत आहे. १८ मार्च १९१५ रोजीं ब्रिटिश व फ्रेंच आरमारानें एकट्याच्या बळावर दार्दानेल्सची सामुद्रधुनी फोडावयाचा प्रयत्न केला. पाण्यांतील सुरुंगांनीं तीन मोठ्या युद्धनौका बुडाल्या. त्यानंतर भूसैन्य गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरलें तें २५ एप्रिलला. मधल्या पांच आठवड्यांत तुर्कांनीं आपली तयारी पक्की केली होती. शौर्याची वाण कोणालाच नव्हती. उणीव होती ती आरमार, भूसैन्य व मंत्रिमंडळ यांनीं एकत्र विचार करण्याची. अशा अनुभवांतून शहाणें होऊन लंडनमध्यें १९२७ सालीं इंपीरियल डिफेन्स कॉलेज निघालें. पुढें आपले सरसेनापति झालेले करिअप्पा १९४७ मध्यें तेथें शिकावयास गेले होते. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें १९४६ सालीं नॅशनल वॉर कॉलेज सुरू झालें. तेथेंही सेनाधिकारी व मुत्सद्दी एकत्रच बसविले गेले.

लोकशाहींत युद्धाचा निर्णय लोकांनीं निवडलेले मंत्री करतात. सेनापति सल्ला देतो. परंतु सल्ला देणाऱ्यास तिजोरी ठाऊक नसेल आणि घेणाऱ्यास रणांगण ठाऊक नसेल, तर दोघेही प्रामाणिक असूनही देश खड्ड्यांत जाऊं शकतो. एकमेकांची भाषा शांततेच्या काळींच शिकावी लागते. तोफा सुरू झाल्यावर तिला सवड नसते.

मात्र पदवीच्या कागदानें शहाणपण येतें, असें मी म्हणणार नाहीं. बढतीच्या वाटेवरचें विश्रांतीचें वर्ष म्हणून कोणी तेथें बसला, तर तो होता तसाच परतेल. वर्ष संपल्यावर माझा विद्यार्थी पुन्हां आला. मीं विचारलें, "सर्वांत अवघड काय वाटलें?" तो म्हणाला, "गुरुजी, प्रश्न विचारणें. आज्ञा घेण्याची आणि देण्याची संवय होती. पहिले दोन महिने माझ्या तोंडून शब्द निघेना."

तो सहज बोलला. पण मी मनांत ओशाळलों. हा मुलगा लहानपणीं फार प्रश्न विचारीत असे, आणि 'गप्प बैस, पाठ पुरा होऊं दे' असें त्याला सांगणारा मीच होतों. जी गोष्ट त्याला मोठ्या कष्टानें परत मिळवावी लागली, ती मीं वर्गांत काढून घेतली होती.

श्रोतेहो, सेनापतींची शाळा दिल्लीस आहे. परंतु तिचा पहिला वर्ग आपल्या घरांत व गांवच्या शाळेंत भरतो. आज रात्रीं आपल्या मुलानें कांहीं विचारलें, तर त्याला गप्प करूं नका, एवढीच माझी विनंति आहे.