दोन रुपयांची गोळी

साखर कारखान्याच्या रस्त्यावरच्या मेडिकलमध्ये संध्याकाळी सहानंतर गर्दी वाढते. फडावरून परतलेली माणसं, घराकडे निघालेल्या बाया, मोटरसायकल चालू ठेवूनच हात पुढे करणारी पोरं. बहुतेकांची मागणी एकच: "अंगदुखीची गोळी द्या." कोणती, किती, कुणासाठी, काही सांगत नाहीत. काउंटरमागच्या फार्मासिस्ट ताईंच्या शेजारी स्टूल टाकून मी बसलो होतो.

चार गोळ्या मागितल्या की त्या स्ट्रिप कापतात. बॅच नंबर आणि मुदत छापलेलं टोक दुकानातल्या तुकड्याला राहील अशीच कात्री लावतात. गिऱ्हाइकाच्या तुकड्यावर मग नावाची अर्धीमुर्धी अक्षरं उरतात, म्हणून कागदी पाकिटावर त्या गोळीचं नाव, मुदत आणि 'जेवणानंतर' एवढं पेनानं लिहून देतात. हे लिहिणं फार मोलाचं आहे. तो तुकडा घरी डब्यात पडतो आणि वर्षभरानं कुणाचं तरी डोकं दुखलं की बाहेर निघतो. पाकीट नसेल तर ती गोळी कशाची, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

किमतीचं म्हणाल तर पॅरासिटामॉल 650 ची गोळी साधारण दोन रुपयांना पडते. ते आवश्यक औषधांच्या यादीत असल्यानं सरकार त्याच्या किमतीवर मर्यादा घालतं. एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची जोडगोळी कंपनीनुसार दुप्पट-तिप्पट महाग मिळते, आतलं औषध तेच. जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त. तरीही "जरा भारी द्या" म्हणणारे कमी नाहीत. भारी म्हणजे महाग, आणि महाग म्हणजे गुणकारी, हा समज काउंटरवर रोज भेटतो. ताई स्वस्तातली स्ट्रिप पुढे करतात आणि मागच्या बाजूचं घटकाचं नाव बोटानं दाखवतात.

एक ऊसतोड कामगार बाई आली. कंबर धरलेली, उद्या पहाटे पुन्हा फडावर जायचं. "मागच्या वेळची लाल गोळी द्या, तिनं लगेच उतार पडतो." ताईंनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिलीस? लघवीला किती वेळा गेलीस?" बाई गप्प. फडावर आडोसा नसतो, म्हणून बाया पाणीच कमी पितात. माझ्या मते गोळीचा सगळा धोका इथं आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांच्यासारखी औषधं शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं कमी करतात, त्यानं दुखणं आणि सूज उतरते. पण हीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात, आणि अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाला रक्त पुरवत ठेवतात. उन्हात घाम गाळून, उपाशीपोटी, रोज अशी गोळी घेणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडावर दोन्हीकडून घाव बसतो. शिवाय डायक्लोफेनॅक शेड्यूल एचमध्ये येतं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं. ताईंनी तिला साधं पॅरासिटामॉल दिलं आणि उद्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. सकाळचा खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, हे तिनं सांगितलं तेव्हा ताईंकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

तिच्यामागून एक आजोबा, गुडघ्यासाठी. त्यांच्या पिशवीत बीपीच्या गोळ्या होत्या, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत. त्यावर डायक्लोफेनॅकसारखी गोळी रोज पडली तर मूत्रपिंड बिघडण्याचा धोका फार वाढतो, आणि बीपीही आटोक्यात राहत नाही. म्हणून ताई साठीपुढच्या प्रत्येकाला "बीपी, शुगरच्या गोळ्या चालू आहेत का?" विचारल्याशिवाय कात्री उचलत नाहीत. आजोबांना त्यांनी लावायचं मलम दिलं.

पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात निर्धोक, पण तेही मापात. मोठ्या माणसाला चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास हवेत. अंगानं बारीक असलेल्याला आणि रोज दारू पिणाऱ्याला त्याहून कमी. गफलत होते ती सर्दीच्या गोळीत. एक पोरगा तापासाठी 650 ची आणि सर्दीची, अशा दोन स्ट्रिपा मागत होता. सर्दीच्या त्या गोळीत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आधीच होतं. ताईंनी पाकिटावरच हिशेब मांडला: सर्दीची तीनदा म्हणजे 1500, तापाची चारदा म्हणजे 2600, एकूण 4100. पोरगा चमकला. जादा पॅरासिटामॉलमुळे यकृताला इजा होते आणि पहिला दिवस अनेकदा काहीच जाणवत नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. उतारा आहे, पण तो लवकर मिळायला हवा. पावसाळ्यातल्या तापात तर ताई आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देतच नाहीत. डेंगू असेल तर त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो.

हे सगळं मिळून माणसामागे अर्धं मिनिट जातं. त्याचे पैसे कुणी देत नाही, बिलात त्याचा रकाना नाही. घाईची गिऱ्हाइकं पुढच्या दुकानात जातात, तिथं कुणी काही विचारत नाही. स्ट्रिपवर घटकाचं नाव ठळक छापायचा नियम आहे, पण इंग्रजीत. माझं म्हणणं एवढंच, की 'यात पॅरासिटामॉल आहे' हे वाक्य ते असलेल्या प्रत्येक स्ट्रिपवर मोठ्या मराठी अक्षरांत छापलं जावं.