गिटारचा आवाज का बसतो?

सर्दी झाली की आपला आवाज बसतो. शब्द तेच असतात, बोलणाराही तोच असतो. पण ऐकणाऱ्याला वाटते, की हा रजईत तोंड खुपसून बोलतो आहे. वाद्यांचेही असेच होते. सतारीचा आवाज बसला, तर मिरजेचे कारागीर तिच्या घोडीचा माथा अगदी हलक्या हाताने घासतात. तारा त्या माथ्याला नेमक्या टेकू लागल्या, की आवाज पुन्हा मोकळा होतो. याला 'जवारी लावणे' म्हणतात.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाजही असाच बसतो. पण तिथे एका जागी घासून भागत नाही. तारेपासून आपल्या कानापर्यंत तिच्या आवाजाला लांबचा रस्ता चालावा लागतो आणि त्या रस्त्यावर तो कुठेही अडू शकतो. म्हणून दुरुस्तीपेक्षा शोधच अधिक महत्त्वाचा असतो. हा शोध कसा घ्यावा, ते आपण अर्धपोकळ गिटारचे उदाहरण घेऊन पाहू या.

अर्धपोकळ गिटार अमेरिकेत जन्मली. त्याआधीच्या इलेक्ट्रिक गिटारी बहुधा पूर्ण पोकळ असत. आवाज वाढवला, की त्या शिट्टीसारख्या किंचाळू लागत. शाळेच्या संमेलनात माईक कर्ण्यासमोर आला, की तो कसा ओरडतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. तसेच हे होई. लेस पॉल नावाच्या वादकाने १९४० च्या सुमारास एका साध्या चौकोनी तुळईवर तारा आणि पिकअप बसवून पाहिले. भरीव लाकूड किंचाळत नाही, हे त्याला दिसले. मात्र तुळई गिटारसारखी दिसेना, म्हणून त्याने जुन्या गिटारचे दोन अर्धे भाग तिच्या दोन्ही बाजूंना जोडले! पुढे १९५८ मध्ये कॅलामाझू या गावातील गिब्सन कंपनीने 'ई. एस. ३३५' ही गिटार बाजारात आणली. तिच्या मधोमध मॅपल लाकडाचा भरीव ठोकळा असून दोन्ही बाजू पोकळ आहेत. पोकळ भागांवर व्हायोलिनसारखी, इंग्रजी 'एफ' अक्षराच्या आकाराची छिद्रे आहेत. प्रसिद्ध वादक बी. बी. किंग यांची 'ल्यूसिल' ही गिटार याच घराण्यातली.

मूळ गिटार फार महाग असते. पुढे कोरिया, चीन अशा देशांत तिच्यासारख्या स्वस्त गिटारी तयार होऊ लागल्या. त्या दिसायला देखण्या असतात आणि त्यांचे लाकूडकामही पुष्कळदा चांगले असते. काटकसर होते ती बहुधा आतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांत.

समजा, तुमच्या भाईजाननी वर्षभर शिकवण्या करून पैसे साठवले आणि अशी एक जुनी गिटार घेतली. घरी आणून वाजवली, तर आवाज जाड, दबलेला. दुकानदार म्हणाला, "दोन्ही पिकअप बदला." त्या पिकअपांची किंमत गिटारच्या किमतीच्या निम्म्याजवळ जाते. आता काय करावे? माझे मत विचाराल, तर पैशाची थैली आधी बंद ठेवावी आणि कान उघडे ठेवावेत.

प्रथम आवाजाचा रस्ता समजून घेऊ. तारांच्या खाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ थरथरली, की या वेढ्यांत बारीकशी विद्युतधारा निर्माण होते. ती व्हॉल्यूम आणि टोन यांच्या बटणांतून, मग केबलमधून ॲम्प्लिफायरमध्ये जाते. तिथे ती मोठी होते आणि स्पीकरमधून आवाज बाहेर पडतो.

गिटारची सर्वांत बारीक तार सेकंदाला सुमारे ३३० वेळा कंप पावते. पण ती एवढ्यावरच थांबत नाही. त्याच वेळी तिच्यात ६६०, ९९० अशी दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाची बारीक कंपनेही चालू असतात. आवाजाची चमक या बारीक, उंच स्वरांत असते. आवाज बसतो, तेव्हा मूळ स्वर शाबूत असतो. हरवतात ते हे उंच स्वर. म्हणून आपला प्रश्न असा आहे, की उंच स्वर वाटेत कुठे गळाले?

पहिली चौकशी तारांची करावी. बोटांचा घाम, तेल आणि धूळ जाड तारांच्या वेढ्यांत साचते. अशी मळलेली तार थरथरते खरी, पण तिची उंच कंपने लगेच विझतात. तारांचा नवा संच घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. वाजवण्यापूर्वी हात धुवावेत आणि नंतर कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, म्हणजे नवा संच अधिक दिवस टिकतो. तारांची जातही पाहा. काही तारा सपाट पट्टी गुंडाळून गुळगुळीत केलेल्या असतात. जॅझ वाजवणारे त्या मुद्दाम लावतात, कारण त्यांना मऊ आवाज हवा असतो. आधीच्या मालकाने त्या लावल्या असतील, तर दोष गिटारचा नाही! आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. या गिटारींचा ब्रिज पुष्कळदा केवळ तारांच्या ताणाने जागेवर बसलेला असतो. सगळ्या तारा एकदम काढल्या, तर तो खाली पडतो. म्हणून एकेक तार काढून लगेच नवी लावावी.

दुसरा उपाय तर फुकटचा आहे. लागतो फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर. पिकअप तारांच्या फार जवळ आणला, की आवाज मोठा होतो, पण गढूळही होतो. शिवाय चुंबक तारांना ओढत राहतो आणि त्यांचे कंपन बिघडते. मानेजवळच्या पिकअपवर हे विशेष जाणवते, कारण तिथे तारेचा झोका मोठा असतो. प्रत्येक पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला, की ते टोक वर किंवा खाली सरकते. शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरा आणि तार व पिकअप यांच्यामधले अंतर मोजपट्टीने मोजा. मानेजवळ सुमारे ३ मिलिमीटर आणि ब्रिजजवळ सुमारे २ मिलिमीटर, एवढ्यापासून सुरुवात करावी. जाड तारांकडचे टोक बारीक तारांकडच्या टोकापेक्षा थोडे अधिक खाली ठेवावे. आवाज लहान झाला, म्हणून घाबरू नका. ॲम्प्लिफायर थोडा वाढवला, की झाले. मग अर्धा-अर्धा फेरा देऊन कानाने ठरवा. पुष्कळ गिटारींची तक्रार इथेच मिटते, आणि तरीही हा उपाय करून पाहायचे कोणाच्या मनात येत नाही, याचे मला नवल वाटते.

आता गिटारच्या बाहेर या. केबलमध्ये आत एक तार आणि तिच्याभोवती जाळीचे वेष्टन असते. या दोहोंचा मिळून एक लहानसा कंडेन्सर तयार होतो. सर्वसाधारण केबलच्या दर मीटरमागे त्याचे मूल्य सुमारे १०० पिकोफॅरड भरते. उंच स्वर या वाटेने गळून जातात. घरात वाजवायला ३ मीटरची केबल पुरते; १० मीटरची घेतली, तर गळती तिपटीहून अधिक होते. दुसरी गंमत अशी, की कित्येक जण गिटार सरळ घरच्या म्युझिक सिस्टीमला जोडतात. तिथली जागा गिटारसाठी केलेली नसते. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा रोध साधारण १० लाख ओहम असतो. या जागेचा त्याच्या कित्येक पट कमी. त्या भाराखाली पिकअप दबतो आणि त्याची चमक जाते. म्हणून परीक्षा घेताना आखूड केबल वापरावी, गिटार तिच्याच ॲम्प्लिफायरला जोडावी आणि गिटारवरची सगळी बटणे पूर्ण उघडावीत.

एवढे करूनही आवाज दबलेलाच राहिला, तर आतल्या बटणांकडे वळावे लागते. बटणाखाली जो फिरता रोध असतो, त्याला कारागीर 'पॉट' म्हणतात. शेतातल्या पाटाला फट पडली, की थोडे पाणी बाहेर झिरपते. पॉट पूर्ण उघडा असला, तरी तो अशीच एक फट असतो आणि त्यातून उंच स्वर झिरपतात. पॉटचा रोध जितका मोठा, तितकी फट अरुंद. या गिटारींत दोन वेढ्यांचे पिकअप असतात. विजेची घरघर टाळण्यासाठी गिब्सनच्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये असा पिकअप तयार केला. त्याच्यासाठी सहसा ५ लाख ओहमचे पॉट वापरतात. स्वस्त गिटारींत कधी त्याच्या निम्म्या रोधाचे पॉट आढळतात. पॉटच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. 'एफ' छिद्रातून बॅटरीचा उजेड पाडून आत लहान आरसा धरला, तर तो वाचता येतो.

पॉट स्वस्त असतात. अवघड आहे ते बदलणे. भरीव गिटारच्या मागे झाकण असते. अर्धपोकळ गिटारला सहसा नसते. सगळे सामान त्या अरुंद 'एफ' छिद्रातूनच बाहेर काढावे आणि तिथूनच परत आत घालावे लागते. यासाठी कारागिरांची एक युक्ती आहे. पायजम्यातला जुना नाडा काढताना त्याच्या टोकाला नवा नाडा बांधतात, म्हणजे जुना ओढला की नवा आपोआप ओवला जातो. तसेच इथे करतात. बटण आणि नट काढून प्रत्येक पॉटच्या दांड्याला एक लांब मजबूत दोरा बांधतात आणि मग पॉट आत ढकलून छिद्रातून बाहेर घेतात. दोऱ्याचे दुसरे टोक बटणाच्या भोकातून बाहेरच राहते. काम झाले, की दोरा हळूहळू ओढायचा. दांडा आपल्या भोकात बरोबर येऊन उभा राहतो. चार पॉटांना चार रंगांचे दोरे बांधले, तर गोंधळ होत नाही. सामान काढण्यापूर्वी तारांच्या जोडणीचा आराखडा कागदावर काढून ठेवावा. नवा पॉट छिद्रातून आत जाईल ना, हेही विकत घेण्यापूर्वी मोजून घ्यावे.

डाख देण्याचे काम मात्र जाणत्या माणसाकडून करून घ्या. तुमच्या भागातला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर ते सहज करील. तो तिथेच असताना व्हॉल्यूमच्या पॉटला एक लहान कंडेन्सर आणि रोधही जोडून घेता येतो. त्यामुळे आवाज कमी केला, तरी चमक फारशी कमी होत नाही. एक सूचना कधीही विसरू नका. ॲम्प्लिफायर स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये वीज बंद केल्यावरही प्राणघातक दाब साठून राहतो.

मानेच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, तारा एका छोट्या पट्टीवरून जातात. पट्टी हलक्या प्लॅस्टिकची असेल, तर मोकळ्या तारेचा आवाज मंद येतो. पण पडद्यावर दाबलेल्या तारेचा आवाजही तितकाच मंद असेल, तर पट्टीला दोष देता येत नाही.

पिकअप बदलण्याचा विचार आता, सर्वांत शेवटी. आवाज मोठा यावा, म्हणून काही स्वस्त पिकअपांत तारेचे वेढे जास्त घेतलेले असतात. मल्टिमीटरने रोध मोजला, तर जुन्या पद्धतीच्या पिकअपचा ७ ते ८ हजार ओहम भरतो. यांचा कधी १४-१५ हजारही भरतो. असा पिकअप जोरात बोलतो, पण त्याच्या उंच स्वरांना कात्री लागते. एवढ्यावरून सगळे ठरत नाही, तरी दुकानदाराशी बोलताना हा आकडा हाताशी असावा. आणि अर्धपोकळ गिटारचा आवाज मुळातच थोडा मऊ, ऊबदार असतो. भरीव गिटारसारखी धार तिच्याकडून मागितली, तर कितीही खर्च केला तरी ती मिळणार नाही.

शोध घेताना एका वेळी एकच बदल करावा. त्याआधी एक ठरावीक धून वाजवून तिचे ध्वनिमुद्रण करावे आणि बदल केल्यावर तीच धून पुन्हा मुद्रित करावी. दोन्ही धुना भाईजानना न सांगता उलटसुलट ऐकवा आणि मोकळा आवाज कोणता, हे त्यांनाच ओळखायला लावा.