घरच्या तालमीतले क्रोएशियन

झाग्रेब शहराच्या उत्तरेला मेदवेदनित्सा डोंगर आहे. श्ल्येमे हे त्याचं सर्वांत उंच शिखर, पण त्याची उंची हजार मीटरहून जेमतेम थोडी जास्त. आल्प्समध्ये वाढलेल्या ऑस्ट्रियन किंवा स्विस स्कीपटूला हा डोंगर ठेंगणाच वाटेल. याच शहरातली वीस वर्षांची यानित्सा कोस्तेलिच २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकला गेली आणि तीन सुवर्ण, एक रौप्य घेऊन परतली. एकाच ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगची चार पदकं तोवर कुणालाही मिळाली नव्हती. क्रोएशियाला तर हिवाळी ऑलिंपिकचं पदकच पहिल्यांदा मिळत होतं.

तिचे प्रशिक्षक म्हणजे तिचे वडील आंते. ते मूळचे हँडबॉलवाले. हॉटेलचा खर्च झेपत नसे, म्हणून यानित्सा आणि तिचा थोरला भाऊ इवित्सा यांना ते गाडीतून परदेशातल्या सरावाला नि स्पर्धांना न्यायचे. रात्रीचा मुक्काम कधी तंबूत, कधी गाडीतच. १९९९ च्या डिसेंबरात सेंट मॉरिट्झला यानित्सा पडली आणि तिच्या उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. पुढच्याच मोसमात ती विश्वचषक मालिकेची एकूण विजेती होती. २००३-०४ चा अख्खा मोसम थायरॉइड आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनी खाल्ला, तरी २००६ ला ट्युरिनमध्ये तिने पुन्हा सुवर्ण मिळवलं. पंचविसाव्या वर्षी तिने निवृत्ती घेतली. त्या गुडघ्यांकडून आणखी मागणं अन्यायाचं ठरलं असतं. इवित्साने तीन ऑलिंपिकमध्ये मिळून चार रौप्यपदकं जिंकली. एका घराचा हा हिशेब अनेक देशांच्या हिशेबापेक्षा मोठा आहे.

क्रोएशियाच्या यशाबद्दल लिहिणारे बहुतेक जण स्वातंत्र्याच्या युद्धापासून सुरुवात करतात. फुटबॉलपटू लुका मॉड्रिचची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. डिसेंबर १९९१ मध्ये त्याच्या आजोबांची हत्या झाली, कुटुंबाला गाव सोडावं लागलं आणि तो झादरच्या हॉटेलात निर्वासित म्हणून राहिला. तिथल्या मोटारतळावर तो चेंडू खेळायचा. हे सगळं खरं आहे, आणि वाचताना आजही गळा दाटून येतो. पण युद्धाने मुलं पोरकी होतात, त्यातून मिडफिल्डर तयार होत नाहीत. मॉड्रिच तयार झाला तो झादरच्या क्लबमध्ये, तोमिस्लाव बाशिच यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हाताखाली. अंगकाठी किरकोळ म्हणून स्प्लिटच्या हायदुक क्लबने त्याला घेतलं नाही, तेव्हाही झादरच्या माणसांनी त्याला सोडलं नाही. २०१८ च्या विश्वचषकात डेन्मार्क आणि रशियाला पेनल्टींवर, इंग्लंडला जादा वेळेत हरवून क्रोएशिया अंतिम फेरीत गेला आणि फ्रान्सकडून ४-२ ने हरला. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र मॉड्रिचच ठरला.

देश १९९१ चा असला तरी खेळाची विद्या जुनी आहे. हायदुक १९११ सालचा, स्प्लिटचा नौकानयन क्लब गुसार १९१४ चा, दुब्रोव्हनिकचा वॉटरपोलो क्लब युग १९२३ चा. १९८७ साली चिलीमध्ये युगोस्लाव्हियाने वीस वर्षांखालील फुटबॉलचं जगज्जेतेपद मिळवलं, त्या संघात शुकेर, बोबान, प्रोसिनेच्की आणि श्तिमात्स होते. १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाला तिसरं स्थान मिळवून दिलं ते याच पिढीने. हाच इगोर श्तिमात्स पुढे २०१९ ते २०२४ भारताचा प्रशिक्षक होता.

बास्केटबॉलचंही असंच. १९९२ ला बार्सिलोनात अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’समोर अंतिम सामना खेळणारे पेत्रोविच, कुकोच, राजा हे शिबेनिक आणि स्प्लिटच्या क्लबांत शिकले होते. सामना ११७-८५ असा गेला, तरी रौप्य मिळालं. वर्षभरात, ७ जून १९९३ ला, जर्मनीत मोटार अपघातात द्राझेन पेत्रोविच गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याचा मित्र गोरान इवानिसेविच विम्बल्डनच्या तीन अंतिम सामन्यांत हरला होता. २००१ साली क्रमवारीत १२५ वा असताना, आयोजकांच्या मेहेरबानीने मिळालेल्या वाइल्ड कार्डवर तो उतरला, पॅट राफ्टरला पाचव्या सेटमध्ये ९-७ ने हरवलं आणि विजय द्राझेनला अर्पण केला.

मला सर्वांत मोठं नवल वाटतं ते मार्टिन आणि वालेंत सिन्कोविच या भावांचं. २०१६ ला रिओमध्ये त्यांनी नौकानयनातल्या दुहेरी स्कल्सचं सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असतात. जिंकल्यावर त्यांनी प्रकारच बदलला. नव्या प्रकारात प्रत्येकी एकच वल्हं, एकाचं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे. एकाचा जोर तसूभर जास्त पडला की नाव तिरकी जाते, म्हणजे कमरेपासून मनगटापर्यंत अंगाला नवं वळण लावायचं, तेही जगज्जेते असताना. टोकियोत त्यांनी सुवर्ण घेतलं. पॅरिसमध्ये ब्रिटनची नाव पुढे होती, शेवटच्या काही वल्ह्यांत ती गाठून अर्ध्या सेकंदाहून कमी फरकाने त्यांनी पुन्हा सुवर्ण घेतलं. रिओतच त्यांचा देशबंधू दामिर मार्टिन एकेरीत न्यूझीलंडच्या ड्रायस्डेलच्या बरोबरीने पोहोचला होता. दोघांचीही वेळ ६:४१.३४. छायाचित्र पाहून सुवर्ण ड्रायस्डेलला दिलं गेलं.

ब्लांका व्लाशिचचे वडील डेकॅथलॉनपटू. १९८३ ला कासाब्लांकात त्यांनी भूमध्य क्रीडास्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, त्या शहरावरून लेकीचं नाव ठेवलं. बीजिंग ऑलिंपिकच्या उंच उडीत तिने आणि बेल्जियमच्या हेलेबाऊतने २.०५ मीटर पार केले. हेलेबाऊत पहिल्या प्रयत्नात, ब्लांका दुसऱ्या. सुवर्ण तेवढ्यावर गेलं. सांद्रा पेर्कोविचचं नशीब उलटं. रिओत थाळीफेकीच्या अंतिम फेरीत तिच्या पहिल्या दोन फेकी बाद झाल्या, तिसरी ६९.२१ मीटर गेली आणि दुसऱ्यांदा सुवर्ण मिळालं.

घर आणि क्लबच्या या व्यवस्थेची काळी बाजूही आहे. दिनामो झाग्रेब या फुटबॉल क्लबचा एकेकाळचा सर्वेसर्वा झ्द्राव्को मामिच याला खेळाडूंच्या विक्रीतल्या पैशांच्या अपहाराबद्दल २०१८ मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, शिक्षा झाली. मुलाला सांभाळणारा माणूसच त्याच्या भविष्यावर हक्क सांगू लागला, तर दाद मागायला दुसरं दार नसतं.

पॅरिस २०२४ ला क्रोएशियाने सात पदकं जिंकली, त्यांत ज्युदोच्या बार्बरा मातिचचं सुवर्ण आणि टेनिसच्या दोना वेकिचचं रौप्य होतं. २०२५ ला हँडबॉलच्या जागतिक स्पर्धेत रौप्य मिळालं. पण २०११ च्या जनगणनेत जवळजवळ ४३ लाख असलेली लोकसंख्या २०२१ मध्ये ३९ लाखांच्या खाली आली. युरोपीय संघाची दारं २०१३ ला उघडली आणि तरुण कुटुंबं जर्मनी, आयर्लंडला निघाली. त्यांच्या मुलांना तिकडे मैदानं चांगली मिळतील, पैसाही जास्त असेल. झादर, शिबेनिक, स्प्लिटच्या क्लबांत मात्र त्यांच्या जागी दुसरी मुलं येतीलच, असं समजून चालण्याइतका हा देश मोठा नाही.